टॉरेंट ९९.९ टक्क्यांवर अडकतं, डेटा वाया जातो: बॅन करण्याआधी चोर कोण ते बघा

"अहो, परत तेच झालं. ९९.९ वर येऊन थांबलंय. रात्रभर पीसी चालू ठेवला, सकाळी बघते तर जागचं हललेलं नाही."

हा फोन सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. आम्ही दहा-बारा जण जुनी मराठी मासिकं आणि पुस्तकं स्कॅन करतो. स्वामित्वहक्क संपलेलीच घेतो, म्हणजे आपल्या कायद्याप्रमाणे लेखक जाऊन ६० वर्षं उलटलेली. स्कॅनचा गठ्ठा बघता बघता मोठा होतो. आताचा संच ३८.४ जीबीचा आहे. एवढं वाटायला सर्व्हर भाड्याने घेणं परवडत नाही, म्हणून टॉरेंट. एकाने उतरवलं की तोच पुढच्याला देतो. शेतीत सावड असते ना, तशी पद्धत: आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट आणलं तेव्हापासून त्याचा गाभा हाच आहे. जो देतो, त्याला आधी द्या.

पण सावडीला कोण आलंय हे गावाला माहीत असतं. टॉरेंटमध्ये समोरचा माणूस म्हणजे नुसता एक आयपी पत्ता. त्यातल्या कुणी नासका माल दिला, कुणी नुसतंच ओरपलं, कुणी एकट्यानेच पन्नास नावं लावून पंगत अडवली, तर ओळखायचं कसं? गेल्या तीन वर्षांत आमच्या संचांवर हे सगळे प्रकार होऊन गेले. शिवाय एक प्रकार असा झाला, की त्यात चोर कुणीच नव्हता आणि आम्ही भलत्यांनाच हाकलत बसलो होतो. बाईंचा फोन त्यातलाच. मदतीसाठी येणाऱ्या तक्रारींत तोच सगळ्यात जास्त वेळा निघतो, म्हणून त्याच्यावर जरा जास्त लिहितो.

खाली मेन्यूंची नावं क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट उतरवायच्या सॉफ्टवेअरमधली आहेत. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर नावं थोडी बदलतील, तपासायची रीत तीच.

आधी एक गोष्ट नक्की समजून घ्या

नासका डेटा तुमच्या पूर्ण झालेल्या फायलीत शिरत नाही. संचाचे सारखे तुकडे पाडलेले असतात. आमच्या संचात एक तुकडा ४ एमबीचा, असे ९,८३१ तुकडे. प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे २० बाइटचा ठसा, टॉरेंट फायलीत आधीच लिहिलेला असतो. तुकडा पूर्ण उतरला की सॉफ्टवेअर त्याचा ठसा काढतं आणि जुळवून बघतं. जुळला नाही तर अख्खा तुकडा टाकून पुन्हा मागवतं. म्हणून 'व्हायरस घुसला असेल का', 'अर्धी पानं खराब आली असतील का' ही भीती इथे बाळगू नका. टॉरेंट फाइल किंवा मॅग्नेट लिंक (फायलीऐवजी नुसता संचाचा ठसा असलेला दुवा) भरवशाच्या माणसाकडून आलेली असली, की पुढचा माल कुणीही दिला तरी तपासूनच आत येतो.

पूर्वी सगळीकडे असं नव्हतं. काझा नावाच्या जुन्या फाइल-शेअरिंग जाळ्यात फायलीचा ठसा काढताना पहिले ३०० केबी घ्यायचे, मग १ एमबीच्या खुणेपासून ३०० केबी, मग २ एमबी, ४ एमबी, असं दुपटीने पुढे जायचं. मधला भाग कुणी बघतच नव्हतं. ठसा तोच ठेवून मधे कचरा भरता यायचा, आणि तिथे तसल्या फायलींचा सुळसुळाट झाला. बिटटॉरेंटने प्रत्येक बाइट ठशाखाली आणला, त्यामुळे ती वाट बंद झाली.

मग वाईट हेतूने आलेला माणूस काय करू शकतो? तुमचा वेळ खाऊ शकतो. एक तुकडा एकाच माणसाकडून येत नाही. तो १६ केबीच्या ठोकळ्यांनी येतो आणि हे ठोकळे वेगवेगळ्या लोकांकडून मागवले जातात. ४ एमबीच्या तुकड्यात २५६ ठोकळे. त्यातला एक जरी कुणी खोटा दिला तरी ठसा चुकतो आणि उरलेले २५५ चांगले ठोकळेही जातात. दुधाच्या हंड्यात एक मिठाचा खडा टाकण्यासारखं. १६ केबी पाठवून समोरच्याचे ४ एमबी नासवता येतात, हल्ला करणाऱ्याला हा सौदा फार स्वस्त पडतो.

असं किती वाया गेलं तो आकडा 'जनरल' टॅबमध्ये 'वेस्टेड' या शब्दापुढे दिसतो. फोनवर मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

अडकलेले तुकडे तेच आहेत की रोज वेगळे?

"बाई, वेस्टेडपुढे काय लिहिलंय?"

"दोनशे बारा एमआयबी."

म्हणजे एका रात्रीत ५० च्या आसपास तुकडे नापास. मी त्यांना 'कंटेंट' टॅब उघडून कोणत्या फायली १०० टक्के झालेल्या नाहीत ते कागदावर लिहून ठेवायला सांगितलं. सहा फायली होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन: त्याच सहा. आमच्यातल्या इतर दोघांकडे मात्र त्या सहाही फायली व्यवस्थित उतरलेल्या होत्या.

इथेच अर्धं उत्तर मिळालं होतं, पण आम्ही घाईत होतो. कुणीतरी मुद्दाम या सहा फायली नासवतंय असंच आम्हाला वाटलं. त्यातली एक फाइल १९३१ सालच्या एका अंकाची होती आणि तिच्यावरून आमच्यात आधी वादही झाला होता, त्यामुळे संशयाला जागा मिळाली. मग मी 'व्ह्यू'मधून लॉग उघडायला लावला आणि 'ब्लॉक्ड आयपी'ची यादी फोटो काढून पाठवायला सांगितली. रात्रीतून १९ पत्ते बॅन झाले होते. यादीत खालून चौथा पत्ता माझ्या स्वतःच्या मशीनचा होता.

माझ्या मशीनवर मूळ संच आहे. ठसे त्याच्यावरूनच काढलेले. तिथून खोटा ठोकळा जाणं शक्य नाही, मी पुन्हा तपासूनही पाहिलं. तरी बाईंच्या पीसीच्या दृष्टीने मी चोर होतो. मग वाटेत काहीतरी बदलत होतं.

तेवढ्यात बाई सहज म्हणाल्या, "मागच्या संचालाही असंच झालेलं. लाइट जाऊन आली आणि मग आपोआप पूर्ण झालं."

हे ऐकल्यावर उलगडा झाला. लाइट गेली की राउटर बंद पडतो. परत सुरू झाला की त्याला कंपनीकडून नवा आयपी पत्ता मिळतो. बाईंच्या नातवाने सुट्टीत गेम खेळण्यासाठी राउटरमध्ये डीएमझेड, म्हणजे बाहेरून येणारं सगळं थेट एका पीसीकडे पाठवणारी सोय, चालू करून ठेवलं होतं. काही राउटर या अवस्थेत जास्तीचा शहाणपणा करतात: येणाऱ्या डेटाच्या पाकिटांच्या आत डोकावतात, आणि स्वतःच्या बाहेरच्या पत्त्याचे चार बाइट कुठे दिसले की त्या जागी घरातल्या पीसीच्या पत्त्याचे चार बाइट लिहितात. वर चेकसम, म्हणजे पाकीट वाटेत बिघडलं का ते तपासायचा आकडा, तोही नव्याने काढून चिकटवतात, त्यामुळे पीसीला पाकीट धडधाकट वाटतं. ते चार बाइट पत्ता नसून स्कॅन केलेल्या पानाचा भाग आहेत, हे राउटरला कळत नाही.

गणित करून बघा. चार बाइटच्या वेगवेगळ्या जुळण्या साधारण ४२९ कोटी. आमच्या संचात बाइट ४,१२३ कोटी. कोणतीही एक ठरावीक जुळणी नुसत्या योगायोगाने नऊ-दहा ठिकाणी सापडायला हवी. बाईंकडे सहा फायली अडकल्या, म्हणजे अगदी त्याच मापात. लहान टॉरेंटला ही बाधा दिसत नाही, मोठ्यांना दर वेळी होते, आणि पत्ता बदलला की अडकलेले तुकडे झटक्यात पूर्ण होतात. सगळी लक्षणं जुळली.

उपाय दोन. डीएमझेड किंवा 'गेम मोड' बंद करा. आणि 'ऑप्शन्स'मध्ये 'बिटटॉरेंट' पानावर एन्क्रिप्शन (डेटा झाकून पाठवणं) 'रिक्वायर' करा. बाईंनी स्पीड वाढतो असं कुणाकडून तरी ऐकून ते 'डिसेबल' करून ठेवलं होतं, नाहीतर हा त्रास कदाचित दिसलाही नसता. एन्क्रिप्शनमुळे तेच पान दर वेळी वेगळ्या बाइटांत येतं, म्हणून राउटरला एकाच जागी पुन्हापुन्हा बिघाड करता येत नाही. 'पीअर्स', म्हणजे आपल्याशी जोडलेले लोक, या टॅबमधल्या फ्लॅगांत मोठा 'ई' दिसला पाहिजे. छोटा 'ई' म्हणजे फक्त सुरुवातीची ओळख झाकलेली, पुढचा माल उघडाच. बदल केल्यावर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा म्हणजे उगाच बॅन झालेले लोकही परत येतील. बाईंचा संच त्यानंतर पाच मिनिटांत पूर्ण झाला.

तुकडे रोज वेगळे नापास होत असतील आणि सगळ्यांकडूनच नापास होत असतील, तर पीसीची रॅम किंवा डिस्क तपासा. टॉरेंट थांबवून 'फोर्स रीचेक' दोनदा करा. मधे काही उतरलेलं नसताना दोन्ही वेळा टक्केवारी वेगळी आली तर बाहेरच्या कुणाचाही दोष नाही. रॅम तपासणारं मेमटेस्ट रात्रभर चालवा.

खरोखरच नासका माल येतोय

याची खूण अशी: नापास तुकडे संचभर विखुरलेले, तुमच्या ओळखीच्या लोकांना कधीही बॅन होत नाही, आणि बॅन झालेल्या पत्त्यांत ठरावीक टोळकं पुन्हापुन्हा येतं.

सॉफ्टवेअर स्वतः काय करतं ते माहीत असलं तर आपली ढवळाढवळ कमी होते. क्यूबिटटॉरेंटच्या पोटातलं लिबटॉरेंट नावाचं इंजिन नापास तुकड्यातल्या प्रत्येक ठोकळ्याचा ठसा आणि तो कुणी दिला हे लक्षात ठेवतं. पुढे तोच तुकडा पास झाला की जुना आणि नवा ठोकळा ताडून बघतं. जिथे फरक, तो देणारा बाहेर. शिवाय नापास तुकड्यात हात असलेल्या सगळ्यांना ते काही काळ नजरेखाली ठेवतं: त्यांना ठोकळे वाटून न देता अख्खा तुकडा एकट्याला देतं. पुन्हा चुकला तर वाद घालायला जागाच उरत नाही. ही न्यायाची पद्धत मला मनापासून आवडते, कारण संशयावर कुणाला काढत नाही. एक-दोन वाईट लोक असले तर काही करू नका, ते आपोआप जातात.

अडचण होते ती एकाच माणसाने शंभर पत्ते आणले की. एक बॅन होतो तोवर दुसरा आत. हे नवं नाही. २००७ मध्ये मीडियाडिफेंडर या अमेरिकी कंपनीच्या अंतर्गत ईमेल बाहेर फुटल्या, त्यातून फाइल-शेअरिंगच्या जाळ्यांत बनावट फायली पेरण्याचा धंदा किती पद्धतशीर चालायचा हे जगाने वाचलं. आमच्या जुन्या मासिकांशी कुणाचं काय वाकडं असणार हे मला आजवर कळलेलं नाही, पण गेल्या वर्षी एका संचावर अकरा पत्ते असे आले की पहिले तीन आकडे तेच आणि फक्त शेवटचा वेगळा. सगळे म्हणत होते आमच्याकडे १०० टक्के माल आहे. ज्या दिवशी ते आले त्या दिवसापासून 'वेस्टेड' चढायला लागला.

अशा वेळी एकेक पत्ता बॅन करत बसू नका. आयपी फिल्टरची फाइल बनवा. साधी मजकुराची फाइल, नावाच्या शेवटी डॉट डॅट. एका ओळीत सुरुवातीचा पत्ता, आडवी रेघ, शेवटचा पत्ता, स्वल्पविराम, शून्य, स्वल्पविराम, आणि स्वतःसाठी एक टीप. टीप लिहाच: कधी आणि का रोखलं. सहा महिन्यांनी आठवत नाही आणि मग ओळ काढायची हिंमत होत नाही. 'ऑप्शन्स'मध्ये 'कनेक्शन' पानावर 'आयपी फिल्टरिंग' चालू करून ही फाइल दाखवा. आमच्याकडे एक ओळ पुरली.

नवा संच बनवत असाल तर बिटटॉरेंटची दुसरी आवृत्ती, किंवा जुन्या-नव्या दोघांना चालणारा 'हायब्रिड' प्रकार निवडा. लिबटॉरेंट २.० ने २०२० मध्ये आणि क्यूबिटटॉरेंट ४.४ ने २०२२ मध्ये ती घेतली. यात १६ केबीच्या प्रत्येक ठोकळ्याचा स्वतंत्र ठसा तपासता येतो, त्यामुळे नासका ठोकळा आला त्या क्षणी देणारा सापडतो आणि उरलेले २५५ वाचतात. ठसा काढायची रीतही जुन्या एसएचए-१ ऐवजी एसएचए-२५६ ही. २०१७ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी एकच एसएचए-१ ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ बनवून दाखवल्या. त्यामुळे तुमच्या जुन्या टॉरेंटमध्ये कुणी आयता खोटा तुकडा घुसवू शकतो असं होत नाही. दोन्ही फायली स्वतः बनवणाऱ्यालाच ती करामत जमते. पण नव्या कामाला जुनं कुलूप कशाला?

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं

हा त्रास सीड करणाऱ्यांना, म्हणजे पूर्ण संच इतरांना देत राहणाऱ्यांना होतो. अपलोड रात्रंदिवस पूर्ण भरलेला, आणि तरी आपल्या लोकांच्या तक्रारी की स्पीड येत नाही. 'पीअर्स' टॅबमध्ये 'अपलोडेड'च्या रकान्यावर क्लिक करून मोठा आकडा वर आणा आणि शेजारची 'प्रोग्रेस' बघा. मला जे दिसलं ते असं: एका पत्त्याला मी ६१ जीबी दिले होते. संच ३८.४ जीबीचा. त्याची प्रोग्रेस ०.० टक्के.

ज्याने दीड संच भरून घेतला त्याच्याकडे शून्य कसं? एक तर तो खोटं सांगतोय, किंवा घेतलेला माल फेकून देऊन पुन्हा तेच मागतोय. असे लोक काही काळाने प्रोग्रेस ४-५ टक्क्यांवर नेतात आणि परत शून्यावर आणतात. घरगुती जोडणीवरून नुसता अपलोड होतोय असं इंटरनेट कंपनीला दिसू नये म्हणून डाउनलोडचा आकडा फुगवणारे यात असतात, असं चीनमधल्या टॉरेंट वापरणाऱ्यांनी अलीकडच्या वर्षांत खूप ठिकाणी नोंदवलं आहे. कारण काहीही असो, आपली पिठाची गिरणी फुकट फिरते.

कमी प्रोग्रेस दिसली म्हणून मात्र कुणाला चोर म्हणू नका. संचातली एकच फाइल हवी असलेला वाचक २ टक्क्यांवर कायमचा थांबतो, आणि त्याचं ते वागणं रास्त आहे. बघायचं ते दोन्ही आकडे शेजारी ठेवून: मी दिलेला माल त्याने सांगितलेल्या मालापेक्षा पुष्कळ जास्त आहे का? असेल तर राइट क्लिक करून 'बॅन पीअर पर्मनंटली'.

त्याहून चांगला उपाय फारसा कुणी सांगत नाही. 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'अपलोड चोकिंग अल्गोरिदम' असतो. तो मुळात 'फास्टेस्ट अपलोड'वर असतो, म्हणजे ज्याला सगळ्यात वेगाने पाठवता येतं त्याला आधी. डेटा सेंटरमध्ये बसलेला ओरपणारा नेहमीच सगळ्यात वेगवान, आणि गडहिंग्लजच्या मोबाइल हॉटस्पॉटवरचा आपला वाचक नेहमीच मागे. तिथे 'राउंड रॉबिन' करा, प्रत्येकाला पाळीपाळीने मिळतं. तिसरा पर्याय 'अँटी-लीच' नावाला छान वाटतो, पण तो नुकतीच सुरुवात केलेल्यांना आणि शेवटाला आलेल्यांना झुकतं माप देतो. कायम शून्यावर असल्याचं सोंग घेणाऱ्याला त्यात आयती पायघडी मिळते. मी आठवडाभर वापरून सोडला.

बॅन करताना शेजारी मरतोय का?

आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. कंपनी अनेक घरं मिळून एकाच पत्त्यामागे ठेवते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामधला दिसला, तर तुम्हीही तसेच आहात. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा पत्त्यावर बंदी घातली की चोर सोडून संन्याशाला फाशी. आमच्याच एका सभासदाला मी असं तीन आठवडे बाहेर ठेवलं. तो बिचारा स्वतःच्या लॅपटॉपला दोष देत राहिला. मी फोन करून माफी मागितली, पण त्याचे तीन आठवडे गेले ते गेले. म्हणून भारतातल्या मोबाइल आणि घरगुती कंपन्यांच्या पत्त्यांवर मी आता कायमची बंदी घालत नाही.

आयपीव्ही६, म्हणजे नव्या लांब पत्त्यांच्या पद्धतीत उलट चूक होते. तिथे एका घराला निदान ६४ बिटांचा अख्खा पट्टा मिळतो, म्हणजे पत्ते मोजण्यापलीकडचे. एक पत्ता रोखून काही होत नाही. पत्त्याचे पहिले चार गट धरून पूर्ण पट्टा फिल्टरमध्ये घाला.

लाखो पत्त्यांच्या आयत्या याद्या मिळतात. त्या टाकू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कोण का आहे हे कुणी सांगत नाही, पत्ते हात बदलतात आणि यादी जुनी होते. आमच्या एका संचावर अशी यादी टाकल्यावर पुण्यातले दोन चांगले सीडर गायब झाले, नासका माल देणारे मात्र होते तिथेच राहिले.

कुणीच दिसत नाही, किंवा दिसतात ते जोडले जात नाहीत

मॅग्नेट लिंकने सुरुवात केली की लोक शोधायचं काम डीएचटीवर, म्हणजे सगळ्या यंत्रांनी मिळून वाटून ठेवलेल्या पत्त्यांच्या वहीवर पडतं. प्रत्येक यंत्राला १६० बिटांचा क्रमांक असतो आणि संचाच्या ठशाला जे आठ क्रमांक सगळ्यात जवळचे, ते 'हा संच कुणाकडे आहे' याची नोंद ठेवतात. कुणी मुद्दाम त्या ठशाला खेटून क्रमांक घेतले तर आठही खुर्च्या त्याच्या, आणि मग तो खरी माणसं लपवतो किंवा खोटे पत्ते देतो. एकाने अनेक सोंगं घेण्याच्या या प्रकाराला सिबिल हल्ला म्हणतात. कर्जाच्या सिबिल स्कोअरशी याचा काही संबंध नाही. प्रत्येकाची ओळख पटवणारा कुणी मध्यस्थ नसेल तर हे पूर्ण थांबवता येत नाही, हे २००२ मध्येच मांडलं गेलं होतं. खर्च मात्र वाढवता येतो. नव्या नियमात डीएचटीच्या क्रमांकाचे पहिले २१ बिट स्वतःच्या आयपी पत्त्यावरून काढावे लागतात आणि एका पत्त्याला आठच पर्याय मिळतात. हव्या त्या खुर्चीवर बसायचं तर तसे पत्ते विकत घ्या.

आपण करायचं ते सोपं आहे: एकाच वाटेवर विसंबू नका. संच बनवताना दोन-तीन ट्रॅकर (संच कुणाकडे आहे ते सांगणारे सर्व्हर) घाला. फाइल कुठे वेबवर ठेवता येत असेल तर वेब सीड जोडा. इंटरनेट आर्काइव्हच्या टॉरेंटमध्ये ते असतंच, आणि सगळे पीअर वाईट निघाले तरी मूळ माल तिथून येतो. ओळखीच्या लोकांचे पत्ते 'पीअर्स' टॅबमध्ये राइट क्लिक करून 'ॲड पीअर्स'ने हाताने घाला. आमच्यात ज्यांना आयपीव्ही६ मिळतं त्या चौघांनी पोर्ट, म्हणजे बाहेरून जोडायचं दार, उघडून ठेवला आहे. दोघंही सामायिक पत्त्यामागे असले तर बहुतेक वेळा एकमेकांना भेटू शकत नाहीत आणि जो उघड्यावर उभा आहे त्याच्याच दारात जातात. ओरपणारा आणि नासवणारा नेहमी उघड्यावर उभा असतो. म्हणून आपली चार दारं उघडी असणं मला फिल्टरच्या यादीपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

इतकं करूनही अडकलात तर विचारताना एवढं लिहा: संच किती जीबीचा, तुकडा किती एमबीचा, 'वेस्टेड'चा आकडा आज आणि काल, अडकलेल्या फायलींची नावं आज आणि काल, एन्क्रिप्शन कशावर आहे, आणि राउटर बंद करून चालू केल्यावर काय झालं. 'पीअर्स' टॅबचा फोटो काढलात तर पत्त्यांचे शेवटचे आकडे झाका, त्यातले बहुतेक लोक तुमच्यासारखेच वाचक आहेत.